सत्तेचाळीसचे दोन दगड

"तू दगड रंगवलेस की आमच्या तोंडाला काळं फासलंस, तेवढं आधी सांग," आत्या म्हणाली, आणि हातातला पाना टेबलावर असा आपटला की चहाचे पेले जागच्या जागी गिरकी घेऊन थांबले.

"मधेच काळा रंग संपला," तडतड्या म्हणाला.

काळ्या रंगाचा डबा त्याच्याच पायाशी होता. अर्धा भरलेला. झाकणही नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे आत रंग आहे हे बघायला कुणाला उठायचीसुद्धा गरज पडली नाही. खोटं बोलायचं तर निदान डबा तरी लपवायचा, एवढी अक्कल सतरा वर्षांत यायला हवी होती. पण अक्कल दहावीत शाळेबरोबरच सुटली असं घरात सगळ्यांचं मत होतं, आणि आज त्याचं स्वतःचंही झालं.

"संपला म्हणे. मग यात काय आहे, खोकल्याचं औषध?"

"अगं, हळू," बाबा म्हणाले.

"का हळू? रस्ता ऐकेल?"

रस्ता ऐकण्याइतका जवळ होताच. आत्याचं पंक्चरचं दुकान म्हणजे तीन भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि चौथी भिंत म्हणजे राज्य महामार्ग. दारातून तीन पावलं टाकली की डांबर, आणि डांबराच्या कडेला गुडघाभर उंचीचा पांढरा दगड, त्यावर काळ्यात त्रेपन्न. ट्रकवाले दुकानाला नावाने ओळखत नाहीत, कारण नावच नाही. 'त्रेपन्नला भेटू' म्हणतात. आत्याला तेच पुरतं.

पंक्चरच्या दुकानात घरची बैठक भरली की बसायला टायर मिळतात. बाबा ट्रकच्या टायरवर होते, हात मांड्यांखाली दाबून. दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात आणि तेव्हापासून ब्रश तडतड्याकडे आलाय. काका, म्हणजे बस स्टँडवरचा तिकीटमास्तर, एकुलत्या एक खुर्चीवर होता, कारण त्याच्या विजारीला इस्त्री होती. आतोबा रोजच्यासारखे पाण्याच्या टोपाशी बुटक्या पाटावर. एक पाय पुढे पसरलेला, दुसरा गुडघ्याखाली नाहीच, कुबडी भिंतीला टेकवलेली. ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडे कुठून येतायत ते बघत होते. भांडणात ते कधी पडत नसत. त्यांचं म्हणणं, हवा कुठून जातेय ते कळेपर्यंत गप्प बसावं.

आणि तडतड्या उभा होता. त्याला बसवत नाही. हे नाव आत्यानेच ठेवलेलं: तेलात पाण्याचा थेंब पडला की होतं तसा हा, म्हणून. आवाज मोठा, काम शून्य, असंही ती पुढे म्हणायची. हा पुढचा भाग तो कुणाला सांगत नसे.

आता या घराण्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर ती अशी, की या घराण्याला सत्तेचाळीसच्या पुढे धड मोजता येत नाही.

तडतड्याचे आजोबा या रस्त्यावरचे पहिले पेंटर. बांधकाम खात्याने एकसष्ट दगड पुरले, पांढरे, कोरे, आणि त्यावर आकडे घालायचं काम आजोबांना दिलं. आजोबांना आकडे वाचता येत नव्हते. पण समोर धरलेला आकडा ते असा हुबेहूब काढायचे की लिहिणाऱ्याला आपलंच अक्षर सुंदर वाटावं. म्हणून मुकादमाने त्यांना एकसष्ट चिठ्ठ्या करून दिल्या. रंगवायच्या चिठ्ठ्या डाव्या खिशात, रंगवून झालेल्या उजव्या खिशात. सत्तेचाळीसपर्यंत सगळं सुरळीत. मग आजोबा जेवले, ऊन फार म्हणून सदरा काढून तोंडावर घेतला, आणि दगडाला टेकून झोपले. उठले तेव्हा सदरा घातला तो उलटा, आतली बाजू बाहेर. डावा खिसा उजवीकडे गेला. पुढच्या दगडापाशी त्यांनी सवयीने डावीकडे हात घातला आणि वरची चिठ्ठी काढली. सत्तेचाळीस. आकडा रंगवून होतोय तोच वाटेने जाणाऱ्या दोन बायका त्यांच्या शिवणी बघून हसल्या, तेव्हा त्यांनी लाजून सदरा सरळ केला. पुढचे सगळे दगड मग एकाने कमी होत गेले. शेवटी धरणाच्या फाटकापाशी दगड संपले आणि हातात एक चिठ्ठी उरली.

ती चिठ्ठी एकसष्टची होती. आजोबांनी ती घरी आणून पत्र्याच्या डबीत ठेवली आणि एकदा बाबांना सांगितलं तेवढं सोडून त्या विषयावर मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

खात्याच्या कागदावर रस्ता एकसष्टचा, आणि शेवटच्या दगडावर साठ. मग खात्याने काय समजावं? की एकसष्टावा दगड चोरीला गेला. दर पाच वर्षांनी नवा साहेब येतो आणि त्या दगडाचा तपास नव्याने सुरू होतो. मागे एकदा तर साक्षीपुरावे झाले. तेव्हा काका नवीनच नोकरीला लागलेला. साहेबावर छाप पाडायची म्हणून त्याने तो दगड आपण स्वतः पाहिल्याची साक्ष दिली. वर्णनासकट. उंची गुडघाभर, रंग गोरा, डोकं गोल.

"म्हणून म्हणतो," काका आता म्हणाला, "जुने आकडे पुन्हा घाल, नवा रंग साहेबाच्या डोळ्यात भरायच्या आत. तीन दगडांचा प्रश्न आहे. साहेब चारला येणार, आत्ता एक वाजतोय. सायकल आहे, डबा आहे, रंगही आहे असं दिसतंय."

"नाही घालणार," तडतड्या म्हणाला.

"मग सगळे तरी पूर्ण करायचे होतेस. हे काय केलंस? आधी सत्तेचाळीस दोनदा होते. आता पन्नास दोनदा आहेत. म्हणजे आमच्या वडिलांनी केलेली चूक तू तीन किलोमीटर पुढे ढकललीस, एवढंच. बसचे ड्रायव्हर मला विचारतायत, मास्तर, तुमच्याकडे रस्ता वाढतो का पावसात."

ते खरं होतं. गेल्या आठवड्यात दुसऱ्या सत्तेचाळीसपाशी एक मोटारसायकलवाला घसरून पडला. तडतड्या तिथे गवत काढत होता. कुणीतरी फोन करून 'सत्तेचाळीसपाशी या' सांगितलं, आणि दवाखान्याची गाडी पहिल्या सत्तेचाळीसपाशी जाऊन उभी राहिली. एक किलोमीटर मागे, वळणाच्या आड. वीस मिनिटं. मोटारसायकलवाल्याचा हात मोडलेला होता आणि तो तडतड्याला घट्ट धरून एकच विचारत होता, येतायत ना, येतायत ना. शेवटी तडतड्या धावत जाऊन गाडी घेऊन आला. त्या दुपारी त्याचं डोकं असं फिरलं की घरी येऊन त्याने डबा उचलला, ब्रश उचलला, आणि कुणाला न विचारता दुसऱ्या सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस केले, अठ्ठेचाळीसचे एकोणपन्नास, एकोणपन्नासचे पन्नास. मग पुढचा दगड लांबून दिसला आणि त्याला आठवलं की या हिशेबाने आत्याच्या दारातल्या त्रेपन्नचे चोपन्न होणार. तिथे तो थांबला. सायकल वळवली. घरी येऊन रंग संपला म्हणाला.

त्याचा राग तीन किलोमीटर टिकतो, हे त्याला त्या दिवशी नक्की कळलं. तोवर तो समजत होता की आपण फार भयंकर माणूस आहोत.

त्रेपन्नचे चोपन्न झाले तर काय बिघडतं, असं परक्याला वाटेल. पण खात्याचा हुकूम निघाला होता. जुना रस्ता धरणाच्या आधी फार वळणं घेतो, म्हणून नवा रुंद रस्ता त्रेपन्न क्रमांकाच्या दगडापासून फुटणार. आज चार वाजता साहेब येऊन त्या दगडाशेजारी लोखंडी खुंटी ठोकणार. साहेब मोजणार नव्हता. मोजायला साखळी धरणारी चार माणसं लागतात आणि ती चारही रजेवर होती. दगड सांगेल ते खरं. म्हणजे आहे ते आकडे राहिले तर फाटा आत्याच्या दारात, प्रत्येक गाडी इथे वेग कमी करणार, दुकान सोन्यासारखं. आणि आकडे सुधारले तर त्रेपन्न एक किलोमीटर अलीकडे जाणार, बंद पडलेल्या खाणीपाशी. नवा रस्ता तिथूनच डावीकडे निघून जाणार. आत्याच्या दारातून मग जाणार ते धरणाचे दोन पहारेकरी, आणि त्यातला एक पायी.

"आधी साहेबाचा कागद पुरा करू," बाबा म्हणाले. घरात भांडण तापलं की बाबा कागद, पावती, काहीतरी काढतात.

कागद म्हणजे खात्याने मागवलेला. 'रस्त्याचा मार्ग व इतिहास, एका पानात.' रस्त्यावर सगळ्यात जुना माणूस म्हणून बाबांकडे मागितलेला. बाबांचा हात थरथरतो, काका लिहायला बसला की पहिल्या ओळीत सहा वेळा 'सदर' येतं, म्हणून लेखणी तडतड्याकडे. शाळा सोडलेल्या माणसाकडून सरकारी इतिहास लिहून घेणारं हे एकमेव घर असेल.

"कुठपर्यंत आलोय?" बाबांनी विचारलं.

तडतड्याने वाचलं. "'रस्ता टपाल कचेरीसमोरच्या शून्याच्या दगडापासून सुरू होतो. आधी ही गुरांची वाट होती, मग खडी पडली, मग डांबर. नंबर तीनदा बदलला, खड्डे तेच राहिले.'"

"खड्डे काढ," काका म्हणाला.

"तेच तर खात्याला जमलं नाही," आतोबा टोपातून म्हणाले.

"'नऊला लाकडाची वखार. अठराला लांब पूल, त्याला कठडा नाही. सव्वीस ते तीस सरळ, तिथे ड्रायव्हर झोपतात. एकतिसाला नागमोडी वळण.'"

"वळणाचं कारण लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"लिहिलंय. 'दोन टोळ्या दोन बाजूंनी रस्ता करत आल्या. दोन मुकादम सख्खे भाऊ होते आणि त्यांचं बोलणं बंद होतं. समोरासमोर आले तेव्हा दोन रस्त्यांच्या मधे चाळीस हात अंतर पडलं होतं. ते जोडलं, त्याचं वळण झालं.'"

"हे असलं कुणी इतिहासात लिहितं का?" काका म्हणाला. "लिही, सदर वळण भौगोलिक कारणास्तव आहे."

"भाऊ म्हणजे भूगोलच की," आत्या म्हणाली. ती हसली नाही, पण पाना टेबलावरून उचलून खिळ्याला अडकवला, ते बघून बाबांचा जीव भांड्यात पडला.

"'चौतिसाला चढण, ट्रक तिथे रडतात.' आता सत्तेचाळीस."

बाहेरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला. आत्या आतोबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि डोळ्यांनीच 'पुढे वाच' म्हणाली. सोळा वर्षं या घरात हे असंच चालत होतं. सत्तेचाळीस आलं की सगळे एकदम शेहेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर उडी मारायचे.

कारण सोळा वर्षांपूर्वी आतोबांचा ट्रक दुसऱ्या सत्तेचाळीसपाशी उलटला होता. पाय स्टिअरिंगखाली अडकला. दवाखान्याची गाडी आली, पण पहिल्या सत्तेचाळीसला. पन्नास मिनिटं उभी राहिली. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय राहिला असता. दगडाचं कोडं बाबांना ठाऊक होतं; त्यांनी त्याच आठवड्यात बहिणीला सांगितलं आणि बहिणीने त्यांच्याकडून शब्द घेतला, की हे यांना कधी कळता कामा नये. सासऱ्याच्या उलट्या सदऱ्यापायी पाय गेला हे कळलं तर माणूस कशाच्या आधारावर हसेल. पुढे काकाला कळलं. तडतड्याला त्याने स्वतःच मोजून कळलं, बाराव्या वर्षी, आणि बक्षीस म्हणून कानाखाली एक मिळाली.

"तिथे काही नाही," आत्या म्हणाली. "दोन झाडं आहेत. दोन झाडं लिही आणि पुढे हो."

"झाडंही लिही," आतोबा म्हणाले. ट्यूब पाण्यातून वर काढून ते ती पुसत होते. "आणि लिही, इथे एका ड्रायव्हरचा पाय गेला. कारण दगड दोन होते."

आत्याच्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं.

"दाजी..." बाबा म्हणाले.

"बसा हो तुम्ही. उठू नका, टायर घरंगळेल." आतोबांनी भोकाभोवती खडूने गोल काढला. "मला दहा वर्षांपासून माहितीय. दवाखान्याच्या गाडीचाच ड्रायव्हर आला होता इथे पंक्चर घेऊन. ओळखलं नाही मला. बसल्या बसल्या सांगत होता, एकदा असं झालं, बिचारा पडला होता एका सत्तेचाळीसपाशी आणि मी उभा दुसऱ्यापाशी, विड्या ओढत. म्हणाला, अजून झोप लागत नाही नीट."

"मग तुम्ही काय म्हणालात?" तडतड्याने विचारलं.

"काय म्हणणार? त्याच्या टायरमध्ये खिळा होता. काढून दिला."

"आणि मला सांगितलं नाहीत," आत्या म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की तडतड्याने दोनदा तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या वडिलांचा दगड. तुला कळलं असतं तर तू त्यांच्या नावाने बोटं मोडली असतीस. म्हातारा तेव्हा जिवंत होता. म्हटलं, पाय तर गेलाच, आता बाप कशाला घालवा." मग ते थांबले. "थांब. तुला माहीत होतं?"

"सोळा वर्षं."

"आणि तू मला..."

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

आतोबांनी खडू खाली ठेवला. "म्हणून तू बसमध्ये नेहमी उजवीकडे बसतेस? दगड डावीकडे असतात म्हणून?"

"मी उजवीकडे बसते ते तुम्हाला तो दगड दिसू नये म्हणून."

"आणि मी उजवीकडे बसतो ते तुला दिसू नये म्हणून. उजवीकडे ऊन येतं गं दुपारचं. दहा वर्षं मी तोंड भाजून घेतोय."

काकाने रुमाल काढून नाक शिंकरलं. बाबा जमिनीकडे बघत होते. तडतड्याला कुणावर तरी चिडायचं होतं, सवयीप्रमाणे, पण नेमकं कुणावर ते ठरेना. दोघांनी मिळून एकाच दगडाकडे इतकी वर्षं पाठ केली होती, आणि घरातले बाकी आपण फार मोठं गुपित सांभाळतोय अशा तोऱ्यात अवतीभवती चवड्यांवर चालत होते. तोसुद्धा. सगळ्यात जास्त तोच. एकदा तर त्याने आतोबांसमोर आकडे मोजताना सत्तेचाळीस गाळला होता आणि स्वतःची पाठ थोपटली होती.

"माझंही ऐका मग," बाबा म्हणाले. "दर दोन वर्षांनी मी तो दगड रंगवायचो. माहीत असून. दर वेळी ठरवायचो, या खेपेला अठ्ठेचाळीस करू. आणि दर वेळी सातच काढायचो. मनाला लागायचं, म्हणून मग तो सात फार सुंदर काढायचो. सबंध रस्त्यावर तसला सात नाही."

"नाहीच," आतोबा म्हणाले. "ट्रकमध्ये अडकल्या अडकल्या मी तोच बघत होतो. पन्नास मिनिटं."

हे चेष्टेत म्हणाले की कशात, ते तडतड्याला कळलं नाही. बाबांनी मांडीखालचे हात बाहेर काढले आणि तोंड झाकलं.

काकाने खुर्ची पुढे ओढली. "झालं ते झालं. सगळ्यांचं मन मोकळं झालं, छान झालं. पण आता व्यवहाराचं बोला. तो जुने आकडे घालून येईल, साहेब इथे खुंटी ठोकेल, ताईचं दुकान राहील. फाटा पक्का झाला की मग दुरुस्त करा हवं तर."

"तुला दगडाच्या वर्णनाची भीती आहे," आत्या म्हणाली.

"ताई, तसं नाही."

"रंग गोरा, डोकं गोल. पोलीस अजून शोधतायत तुझ्या त्या दगडाला."

"ठीक आहे, आहे भीती. खोट्या साक्षीची आहे. पण दुकान तुझं जाणार आहे, माझं नाही. माझं बोलणं सोड, हे बघ." आणि त्याने बाहेर हात केला. कॉम्प्रेसर, टायरांची चळत, पत्र्यावर आतोबांनी रंगवलेलं 'हवा'. "हे सगळं पायाच्या बदल्यात उभं राहिलंय. ट्रक विकून. आणि आता त्याच दगडापायी हेही द्यायचं?"

काका एरवी कितीही फुसका असला तरी हे बोलणं फुसकं नव्हतं. याच एका कारणासाठी तर तडतड्या पन्नासपाशी थांबला होता. रागाचा विषय नव्हता, भ्याला होता.

आत्या दारात गेली. उंबऱ्यावर उभी राहून दगडाकडे बघत राहिली. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला, तिने हात केला नाही.

"त्या पोराचा हात कसा आहे?" तिने विचारलं. "मोटारसायकलवाल्याचा."

"जुळेल म्हणाले. वाकडा राहील थोडा."

"वीस मिनिटं?"

"वीस मिनिटं. सारखं विचारत होता, येतायत ना."

आत्याने मान हलवली. मग आतोबांकडे वळली. "अहो, फाटा खाणीपाशी गेला तर आपलं काय?"

"एक किलोमीटर ढकलत यायला लागेल लोकांना," आतोबा म्हणाले. "येतीलही दोन-चार. घाम गाळून आलेलं गिऱ्हाईक चहा जास्त पितं."

"नाही आले तर?"

"तर मग खाणीपाशी जाऊ. पत्रे सुटे होतात. कॉम्प्रेसरला चाकं आहेत. मलाच काय ते उचलावं लागेल." त्यांनी ट्यूबवर ठिगळ दाबलं आणि अंगठ्याने घट्ट धरून ठेवलं. "दुकान पुन्हा उभं करता येतं गं. पाय नाही आला अजून."

आत्या आत आली, फडकं पाण्याच्या टोपात बुडवून पिळलं, आणि बाहेर जाऊन दगड पुसायला लागली. त्रेपन्नवरची धूळ, ग्रीसचे डाग, कुणीतरी चिकटवलेला कागद. बाबा उठले. टायर खरंच घरंगळला.

"रंग संपलाय म्हणत होतास ना?" आत्या बाहेरून म्हणाली. "आण तो संपलेला."

तडतड्याने डबा उचलला आणि दारात थांबला.

"आत्या, आधी लांबचे करतो. तुझा शेवटी. म्हणजे तोवर तुला विचार..."

"नको," ती म्हणाली. "तुझं आम्हाला माहितीय. लांब गेलास की पुन्हा रंग संपेल."

हे बोलणं त्याला झोंबलं, आणि खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं. तो खाली बसला. सायकलच्या पिशवीतला पांढरा काढून तीन बुजवला. ऊन कडक होतं, पांढरा चटकन सुकला. मग काळ्यात ब्रश बुडवला आणि त्याच्या लक्षात आलं की बाबांसारखा त्याचाही हात थरथरतोय. बाबांनी मागून त्याचं मनगट धरलं. दोन थरथरते हात एकत्र आल्यावर कसे कोण जाणे स्थिर झाले, आणि चार उमटला. फार सुंदर नव्हता. बाबांनीच सांगितलं, "चालेल. सुंदर काढायची गरज नाही."

चोपन्न.

"म्हणजे आता," काका उंबऱ्यावरून म्हणाला, "इथे चोपन्न आणि पुढच्यावर आधीचं चोपन्न. चूक आज रात्री ताईच्या दारात मुक्कामाला."

"राहू दे. चहा देईन तिला," आत्या म्हणाली. "उद्या हा पुढचे सात करेल, धरणापर्यंत. तू बरोबर जा. एकसष्टावा दगड सापडला म्हणून साहेबाला कळवायचं आहे ना तुला. वर्णन जुळतंय का ते बघून ये."

काकाने खिशातून कंगवा काढला, केस नीट केले, आणि म्हणाला, "गोरा तर आहे." आतोबा टोपाशी बसल्या बसल्या हसले, इतके की ठिगळावरचा अंगठा सुटला.

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र्याची डबी काढली. इतकी वर्षं ती घरच्या फळीवर असायची. आज ते ती बरोबर घेऊन आले होते, म्हणजे घरून निघतानाच त्यांनी काहीतरी ठरवलं असणार आणि इथे येऊन गप्प बसले असणार. खानदानी सवय. आतली चिठ्ठी पिवळी पडली होती, घडीवर फाटली होती. एकसष्ट. ती त्यांनी तडतड्याच्या खिशात घातली.

"डाव्या," ते म्हणाले. "नीट लक्षात ठेव. आणि सदरा काढू नकोस."

कागद टेबलावर तसाच राहिला होता. सत्तेचाळीसच्या पुढे कोरा. आत्याने वर पाणी उडू नये म्हणून तो सरकवला आणि म्हणाली, "बस आणि हे पुरं करून जा, इतिहास अर्धा राहिलाय."

तडतड्याने डबा सायकलच्या हँडलला अडकवला. दीड वाजून गेला होता. साहेबाची जीप खाणीच्या बाजूनेच येणार होती, आणि बावन्न, एक्कावन्न, पन्नास असे तीन दगड अजून जुनेच होते. तीन दगड, तीन किलोमीटर. त्याने मनात हिशेब केला. त्याचा राग नेमका तेवढाच पुरतो.

"आल्यावर लिहितो," तो म्हणाला. "आता मला निघायलाच हवं."